नवव्या फेऱ्यावर थांबलेली पाटी

आक्का, तुझी मशीन अजून चालूच आहे.

आज चौथा दिवस. खिडकीजवळच्या टेबलावर ती तशीच आहे. तिचा पांढरा दिवा लुकलुकतो आहे, लॅपटॉपच्या पडद्यावर चौदापैकी नववा फेरा असं दिसतं आहे आणि आत चिकट मॅटवर, चारी कडांना कागदी टेप लावलेली, माझ्या नावाची पाटी अर्धवट कापून पडली आहे. जी पाटी अशी करू नकोस म्हणून मी तुला तीन वेळा सांगितलं होतं, तीच.

सकाळी दाजी दारात येऊन उभे राहिले. चार दिवसांत त्यांची दाढी पांढरी दिसायला लागली आहे. आत न येताच म्हणाले, "उद्या दिवसभर लाईट जाणार हाय म्हणं. तारांचं काम हाय. इन्व्हर्टर दोन तास बी टिकत न्हाई. ह्या मशीनचं काय करायचं?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, दाजी."

"मला काय कळतंय त्यातलं? मी भांडी विकणारा मानूस. पाटी तुझी हाय. तूच ठरीव."

लाईट गेली की काय होतं ते मला माहीत आहे, तूच शिकवलं होतंस. पातं लाकडावरून एकाच रेषेनं चौदा वेळा फिरतं आणि दर वेळी कागदाएवढं खोल जातं. मधे मशीन बंद पडली किंवा मॅट बाहेर काढली, की आपण कुठं होतो ते ती विसरते. पुन्हा तीच रेष तिला सापडत नाही, केसभर तरी सरकतेच, आणि मग ते लाकूड फेकून द्यावं लागतं. म्हणजे उद्या सकाळपर्यंत मला एक तर त्रिकोणाचं बटन दाबून तुझं काम पुरं करायचं आहे, नाही तर बाणाचं बटन दाबून ते बाहेर काढायचं आहे. दोन्ही मला जमत नाही. म्हणून तुझ्याच खुर्चीत बसून हे लिहितो आहे.

मला अजून खरं वाटत नाही, आक्का. काल चहा करायला गेलो, साखरेचा डबा सापडेना, तर सरळ खिशातून फोन काढून तुला लावला. तुझा फोन स्वयंपाकघरातच फळीवर वाजला. मी तो वाजू दिला. बंद करायचा असतो हेही मला सुचलं नाही.

दाजी सांगतात, अकराच्या सुमाराला ते दुकानातून डबा न्यायला घरी आले होते. तू इथंच बसली होतीस. म्हणालीस, "डोकं लई दुखायलंय. थांबा, मशीन थांबवते." बटन दाबलंस. मग भिंतीला टेकलीस आणि घसरलीस. आधी मशीन थांबवलीस, आक्का. त्यातही तुला लाकूड वाया जायला नको होतं. तुला लातूरला नेणारी गाडी वाटेतल्या औशापर्यंतसुद्धा पोचली नाही.

आणि मी काय करत होतो ते ऐक. दाजींचा पहिला फोन आला, आक्काला चक्कर आली, लातूरला नेतोय, तेव्हा मी नांदेडहून मिळेल त्या गाडीत बसलो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती, तिथं दुसरा फोन आला. "लातूरला येऊ नको. निलंग्यालाच ये." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, तुला बरं वाटलं, घरी सोडलं. खाली उतरून मी चहा घेतला, भजी खाल्ली. आल्या आल्या तुला काय बोलायचं तेही ठरवलं, लोकांना घाबरवायची भारी हौस तुला म्हणून. पुढच्या तीन तासांत एकदाही माझ्या मनाला शिवलं नाही की माणसं लातूरहून परत निलंग्याला दोन कारणांनी येतात. गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग दिसला तेव्हा कळलं. मराठी शिकवतो मी. साध्या दोन वाक्यांचा अर्थ मला लागला नाही.

तुला माती देऊन आल्यावर बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. गुणाची होती, हसतमुख होती. मला राग येत होता. तू काही सदा हसतमुख नव्हतीस. तू हट्टी होतीस, टोमणे मारायचीस, आणि माझ्या नावाची खोडी काढायला तुला चारचौघांचीही लाज वाटायची नाही. "माझा भाऊ शिव्या. शिकून शिकून शिव्याच राहिला," असं तू माझ्या कॉलेजातल्या मित्रांसमोर म्हणाली होतीस.

ही मशीन आली तेव्हाचं आठवतं? आधी तू ब्लाउज शिवायचीस आणि लग्नाची रुखवतं सजवायचीस. पुठ्ठ्याची विहीर, पुठ्ठ्याची बैलगाडी. मग कुठल्याशा व्हिडिओत कागद कापणारी ही छोटी मशीन पाहिलीस आणि ती पातळ लाकूडही कापते म्हटल्यावर तुझी झोप गेली. मला म्हणालीस, लाकडाची बैलगाडी केली तर पोरीच्या सासरी चार वर्षं तरी कपाटावर राहील. ते दीड मिलिमीटरचे लाकडाचे पत्रे मी नांदेडच्या दुकानातून आणायचो, गाडीत मांडीवर उभे धरून. तू त्यांना पापडी म्हणायचीस. "शिव्या, दोन डझन पापडी घेऊन ये." शेजारच्या काकू एकदा खरंच म्हणाल्या, एवढी पापडी खाते कोण तुमच्यात?

पहिली पाटी केलीस 'शुभविवाह'. मशीन तासभर चालली. मॅट काढली तर हातात पाच तुकडे आले, शु, भ, वि, वा, ह. दर दोन अक्षरांच्या मधे मशीननं शिरोरेघ कापली होती. तिच्या लेखी ती पाच वेगवेगळी अक्षरं होती. तू रात्रीचं जेवण झाल्यावर मला फोन केलास आणि म्हणालीस, "ह्या मशीनला मराठी येत न्हाई. वरची रेघ म्हंजी घराचं आढं असतंय. तेच तोडलं हिनं, खालची सगळी लेकरं पांगली." मग मी येऊन ते अक्षरं एकसंध करायचं बटन शोधून दिलं. बटनावर इंग्रजी होतं. तू नाव वाचलं नाहीस, जागा पाठ केलीस, उजवीकडून खाली तिसरं. पुढं एकदा ती जागा बदलली तर तुझा फोन, मी वर्गात असताना, सलग चार वेळा. "माझं बटन कुणी चोरलं?"

लाकडाचं मात्र तू मला शिकवलंस. लाकडाला आपली रेघ असते आणि शिरोरेघ त्या रेघेबरोबर ठेवली तरच टिकते. पण मग काने त्या रेघेला आडवे जातात आणि कटकन मोडतात. त्यावर तू काने जाड केलेस. मी म्हटलं, "आक्का, बेढब दिसतंय. काना एवढा जाड नसतो."

"तुझ्या पुस्तकात नसंल. लाकडात असतोय."

बाणाच्या बटनावर तू तुझी लाल टिकली चिकटवली आहेस. काम पुरं होण्याआधी चुकून कुणी ते दाबू नये म्हणून. तुझ्या कपाळावरची टिकली त्या दिवशी आंघोळ घालताना कुणी काढली ते मी पाहिलं नाही. ही आहे.

आक्का, माझ्या हातात पहिलं पुस्तक तू दिलंस हे मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. आपल्या गावच्या, मुरुडच्या शाळेत तू सातवीपर्यंत गेलीस. आठवीला जायच्या वेळी आईला शेतात जावं लागायचं आणि मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. म्हणून तुझी शाळा सुटली. पुढं मी शाळेत जायला लागलो तरी तू मला पोचवायला यायचीस आणि वर्गाच्या खिडकीबाहेर उगाच रेंगाळायचीस. घरी आल्यावर माझ्या आधी तुला कविता पाठ असायची. लातूरला अकरावीचा फॉर्म भरायला तूच माझ्याबरोबर आलीस, लग्न होऊन निलंग्याला गेलेली असूनही. पालकाचं शिक्षण असा रकाना होता. मी तो मोकळा सोडायला निघालो तर तू पेन हिसकावून घेतलंस. "रिकामं का? सातवी पास लिव्ह. पास हाय मी."

एम. ए. झालो तेव्हा आपल्या घरात तसला कागद पहिल्यांदाच आला. मी तो तुझ्याकडं ठेवून दोन दिवस बाहेर गेलो तेवढ्यात तू तो निलंग्याच्या बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणलास. मला ते मुलाखतीच्या दिवशी कळलं. टेबलामागचा माणूस हसला, म्हणाला, "पदवी हाय का मेनूकार्ड?" तसला कागद चालत नाही, दुसरी प्रत काढून आणा म्हणाला. मी घरी येऊन केवढा ओरडलो तुझ्यावर. तू एवढंच म्हणालीस, "आपलं घर गळतंय रे. भिजू न्हाई म्हणून केलं."

ते माफ केलंस. पुढं स्वतःच सगळ्यांना हसून सांगायचीस. पण पाटीच्या वेळी मी जे बोललो ते तू कुणाला सांगितलं नाहीस.

पाटीचं भांडण आपलं वर्षभर चाललं होतं. मी नांदेडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा तू म्हणालीस, दारावर पाटी मी करणार. मी म्हटलं, कर की. मग म्हणालीस, नावाआधी 'प्रा.' लावणार. मी म्हटलं, नको.

"का?"

"आक्का, मी तासिकेवर आहे. घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत. स्टाफरूममध्ये आमची खुर्चीसुद्धा ठरलेली नसते. परमनंट झालो की लाव."

"पोरं तुला काय म्हणत्यात?"

"सर म्हणतात."

"खडू कोण धरतंय?"

"मीच."

"पेपर कोण तपासतंय?"

"अगं पण..."

"मग ते परमनंट मानूस वर्गात येऊन काय येगळं करतंय?"

 मला भीती वेगळीच होती. माझ्या गल्लीत आमच्याच कॉलेजातले दोन परमनंट सर राहतात. ते ती पाटी वाचतील, विचारतील, "अरे वा, परमनंटची ऑर्डर आली वाटतं?" आणि मला दारात उभं राहून नाही म्हणावं लागेल. एवढीशी गोष्ट. पण मी तिला दहा वर्षं घाबरतो आहे. गावात मी प्राध्यापक असतो, कॉलेजात तासिकावाला असतो, आणि या दोन्ही माणसांची कधी भेट होऊ नये म्हणून धडपडत असतो.

तिसऱ्यांदा तू विषय काढलास तेव्हा आपण इथंच, या खोलीत होतो. मी चिडलो. म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? सातवी शिकलीस तू."

 लाकडाचा भुसा हातानं गोळा केलास आणि म्हणालीस, "चहा ठेवते." चहा नेहमीसारखाच केलास. मी तो प्यालो आणि चारच्या गाडीनं नांदेडला गेलो. नंतर दर आठवड्याला आपण फोनवर बोललो, हसलो, पण त्या वाक्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरली असेल. आपल्या माणसापाशी वेळ असतोच, असंही वाटलं असेल.

आणि मग त्या सकाळी तुझा फोन आला. साडेआठ वाजले होते.

"शिव्या, तास चालू हाय का?"

"पाच मिनिटांनी आहे. बोल लवकर."

"एक टिंब सुटं पडायलंय. काय करू?"

"कुठलं टिंब? अनुस्वाराचं?"

"न्हाई रे, खालचं. शब्द तोडून लिव्हल्यावर म्होरं देत्यात ते."

"मग डिंकानं चिकटव."

"दारावरचं हाय. उनात पडतंय ते, मागं एकाचं पडलं."

"मग तोडलेला शब्द लिहूच नकोस. पूर्ण शब्द लिही."

"पूर्ण लिव्हू म्हणतोस?"

"हो. पूर्ण लिहिलं की टिंब लागतच नाही. चुकायला जागाच नाही."

"बघ हं. तूच म्हणायलास."

"अगं हो, मीच म्हणतोय. कुणाचं आहे एवढं?"

"हाय एक गिऱ्हाईक. लई आडमुठं हाय." आणि हसून फोन ठेवलास.

मी वर्गावर गेलो. कुठल्या कवितेवर बोललो तेही आता आठवत नाही. इकडं तू तुझ्या पडद्यावरचं 'प्रा.' खोडलंस आणि तिथं 'प्राध्यापक' लिहिलंस. खाली माझं नाव, आडनाव. परवा संध्याकाळी लोक पांगल्यावर मी या टेबलापाशी आलो, वाकून पाहिलं, आणि तेव्हा मला तो फोन कळला. तू मला फसवलंस, आक्का. माझ्याच तोंडून हो म्हणवून घेतलंस आणि माझ्याशी भांडायला थांबली नाहीस. मला इतकं भांडायचं होतं.

इथं लिहिणं थांबवून मी उठलो होतो. आता दुपारचे तीन वाजलेत. सांगतो काय झालं ते.

मी दाजींना हाक मारली. ते आले, पलंगावर बसले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मी विचारलं, "दाबू?" ते म्हणाले, "तिनं अर्धं ठेवलेलं काही मी आजवर बघितलं न्हाई." मी त्रिकोणाचं बटन दाबलं.

मशीन लगेच चालू झाली. मला वाटलं होतं अडेल, काही तरी होईल. तिला काही माहीतच नव्हतं. चार दिवसांपूर्वी जिथं थांबली होती तिथूनच पातं निघालं, 'ध्या'च्या पोटातून. तोच आवाज, तुझ्या फोनमागं नेहमी यायचा तो. दहावा, अकरावा, बारावा.  बाराव्याला दाजींना रडू आलं. ते रडत होते आणि मशीन कापत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण मी पडद्याकडं बघत राहिलो, कारण आकडा पुढं सरकतोय तोवर मला वाटत होतं की तू शेजारच्या खोलीत आहेस.

चौदा पुरे झाले. तू मॅट लगेच काढायची नाहीस, आधी सुईनं एक कोपरा उचलून बघायचीस. मी बघितलं. 'ध्या'पाशी लाकूड अजून सुटलं नव्हतं. अजून एक फेरा दिला. मग बाणाचं बटन, टिकलीवर बोट न ठेवता, कडेनं.

आणि मग मी पाटी ओढायला गेलो. दाजी एकदम ओरडले, "हां हां! तसं न्हाई!" मी दचकलोच. त्यांनी मॅट माझ्या हातून घेतली, उलटी केली, लाकूड खाली टेबलावर आणि मॅट वर, आणि मॅट हळूहळू वाकवत सोलून काढली. म्हणाले, "लाकूड उचलायचं न्हाई, मॅट उचलायची. दर डाव मला धरायला लावायची की. मला तेवढंच येतंय."

पाटी अख्खी निघाली. शिरोरेघ सलग, एकही काना मोडलेला नाही. काने जाडच आहेत. सुटं काहीच पडलं नाही.

दाजींनी बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. मग मला म्हणाले, "बरोबर हाय ना रे? बघून घे एकदा. त्या सकाळी मी दुकानाला निघायच्या आधी तुझ्या जुन्या पुस्तकातून शब्द काढून, 'ध्या' चारदा गिरवून बघितला तिनं. म्हणली, त्याची चूक काढायची खोड हाय, त्याला जागा ठेवायची न्हाई."

बरोबर आहे, आक्का. एकही चूक नाही.

मी ते वाक्य परत घेतो. फोनवर म्हणायला हवं होतं, तू चहा ठेवायला उठलीस तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी काय आहे हे ठरवायला मी दर जूनच्या कागदाची वाट बघत राहिलो, आणि तू वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून ते कधीच ठरवून टाकलं होतंस.

रविवारी मी परत जाईन. पाटी दोन पुठ्ठ्यांच्या मधे बांधून ठेवली आहे. घरमालकांना फोन करून दारात दोन खिळे ठोकायची परवानगी मागितली, त्यांनी कशाला असं विचारलंसुद्धा नाही. पाटी लावल्यावर गल्लीतले सर बघतीलच. विचारतील, "ऑर्डर आली वाटतं?" मी सांगेन, नाही आली. तासिकेवरच आहे. पहिल्यांदा सांगताना कान गरम होतील, ते मी धरून चाललो आहे. पण पाटी काढणार नाही, आणि तिथं उभं राहून फार वेळ बोलतही बसणार नाही. सोमवारी साडेआठला माझा तास आहे.